मागची बाजू

यंत्राचा चेहरा पुढून अगदी साधा.
दोन गोल बटणं, एक निळसर काच.
खरा संसार मागे.
मी गालिच्यावर आडवी, दातांत टॉर्च,
आणि खैरनारकाका डोक्याशी उभे:
"कुठली कुठे लावतेस, मोठ्याने बोल."

एकमध्ये डिश. दोनमध्ये ब्लू-रे.
तीन नातवाच्या गेमसाठी, तो पुण्याहून आला तर.
बाहेर जाणारी एकच, टीव्हीकडे,
तिच्यातूनच आवाज उलटा परतही येतो.
"म्हणजे एकाच नळातून येणंही आणि जाणंही?"
हो काका.
"बरं. पुढे."

प्रत्येक तारेला त्यांनी आधीच चिकटपट्टी लावलेली,
दोन्ही टोकांना, बॉलपेनचे छापल्यासारखे आकडे.
छत्तीस वर्षं ओझरच्या कारखान्यात
विमानांच्या पोटातल्या तारा बांधल्या या माणसाने.
मी सातपूरच्या आयटीआयची, कामावर तिसरं वर्ष.
आडगाव नाक्याच्या या तिसऱ्या मजल्यावर
माझीच तपासणी चालली होती.

मग द्राक्षांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून
निघाला एक म्हातारा व्हीसीआर
आणि त्याच्या तीन शेपट्या: पिवळी, पांढरी, लाल.
"हाही लाव."
आता हा कशाला, काका?
"लाव."

लावला. कुरकुरत कॅसेट गिळली त्याने.
आवाज आला, जेटचा,
लांबून येत येत खोलीभर झालेला.
शोकेसमधले पितळी पेले किणकिणले.
चित्र नाही.
काळ्या काचेत नुसते आम्ही दोघं.
वायर गेली असेल, मी म्हटलं.
त्यांनी मीटर आणला, टोकाला टोक भिडवलं.
"वायर ठणठणीत आहे. पुढे शोध."

मेनूत उतरले. मेनूच्या पोटात मेनू,
खूप खाली एक ओळ:
जुन्या चित्राचं नव्यात रूपांतर — बंद.
कंपनीकडूनच तसं आलेलं.
आता कोणाकडे असणार जुनं, असं वाटलं असेल त्यांना.

चालू केलं.
आधी निळं, मग करडं, मग आडव्या पट्ट्यांतून
धावपट्टी. शामियाना. खुर्च्या. ऊन.
आणि कोपऱ्यात, चार सेकंद,
एक सडपातळ पाठमोरा माणूस, हातात तारांची जुडी.
"तो मी."
पाठ काय ओळखणार मी?
पण मान तशीच होती, डावीकडे वळवलेली,
आत्ता माझं बोलणं ऐकताना होती तशी.

"डावा स्पीकर मुका आहे तुझा."
कान लावला. वाजत होता, चांगला वाजत होता.
हिराताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या,
"स्पीकरला काही झालं नाही गं.
त्यांचा तो कान ओझरलाच राहिला."

मोजणीच्या माइकने सगळं समसमान सांगितलं होतं.
मी काही न बोलता डावा तीन अंशांनी वर नेला.
काकांची मान हळूहळू सरळ झाली.

"आता याला नाव दे."
आठ अक्षरांची जागा, तीही इंग्रजीच.
बाण दाबत दाबत: ओ.
झेडच्या पुढे गेले, मागे आले.
ए. आर.
डिश, ब्लू-रे, गेम, ओझर.
हिराताईंनी पदराला हात पुसत विचारलं,
"आणि माझी मालिका कुठल्यात?"
एकमध्ये, काकू. "मग एकच ठेवायचं होतं की."

मी कपाट भिंतीकडे सरकवायला लागले.
"थांब. पट्ट्या किती कापल्यास?"
पट्ट्यांची शेपटं हो? सात असतील.
"इथे सहा आहेत."
काका, प्लॅस्टिकचा इवलासा तुकडा तो.
"आत एक राहिला तर यंत्र वर सोडत नाहीत."

हे वर कुठे जाणार होतं?
तरी आम्ही दोघं गुडघ्यांवर,
सोफ्याखाली, गालिच्याच्या काठाशी, चपलांत.
मालिका सुरू झाली, सासू रडायला लागली,
जाहिरात आली.

सातवा हिराताईंना दिसला.
माझ्या वेणीत अडकलेला.
काकांनी तळहातावर सातही ओळीने मांडले,
बोटाने एकेक मोजले,
आणि म्हणाले, "ढकल."